अंगातला मुक्काम

"लहानपणी तुम्ही अनवाणी चालायचात का?" डॉक्टर लिम यांनी विचारलं तेव्हा गार्गीला आधी वाटलं, बाई नुसत्या गप्पा मारतायत. सिंगापुरात, रॅफल्स प्लेसच्या त्या काचेच्या इमारतीत, जिथे खुर्चीच्या हातालासुद्धा जंतुनाशकाचा वास येत होता, तिथे हा प्रश्न इतका भलतीकडचा होता की तिने पटकन खाली बघितलं. काळे बूट, ऑफिसचे, टाचेशी थोडे झिजलेले. आत उजव्या तळव्याला खाज सुटली. खरंच सुटली की प्रश्नामुळे, ते तिला ठरवता येईना. "हो," ती म्हणाली, "सगळेच चालायचे." आणि मग आपण काहीतरी कबूल करून बसलो असं वाटून, "म्हणजे शाळेत बूट असायचे," अशी पुस्ती जोडली. डॉक्टरांनी मान हलवली. वयस्क बाई, केस अगदी बारीक कापलेले, बोलताना घाई नाही. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत गार्गीच्या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या निघाल्या होत्या. ॲलर्जी असेल, ती म्हणाली होती. बाळंतपणानंतर अंगाला अधूनमधून खाज येतेच आहे. पण डॉक्टर लिम यांनी आणखी एक चाचणी करायला लावली, आणि आज जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं. जंत आहे, त्या म्हणाल्या. दोऱ्यापेक्षा बारीक. ओल्या मातीत असतो, तळपायाच्या कातडीतून आत शिरतो. बाकीचे जंत वर्ष-दोन वर्षांत मरून जातात. हा मरत नाही, अंगातल्या अंगातच पिलावळ वाढवत राहतो, पण बेताबेताने, म्हणजे घरमालकाला पत्ता लागत नाही. तीस-तीस वर्षं राहतो. गोळ्या आहेत, सोप्या आहेत.

गार्गीला किळस यायला हवी होती. त्याऐवजी तिला वास आला. कुजलेल्या पोफळीच्या झावळ्यांचा, आणि पाटाच्या पाण्याचा. बाबा बँकेत होते आणि त्यांची बदली श्रीवर्धनला झाली होती. तीन वर्षं ते सगळे एका पोफळीच्या बागेमागच्या दोन खोल्यांमध्ये राहिले. दुपारी पाट सोडला की बागेतली जमीन पायाखाली पोळीच्या कणकेसारखी व्हायची, आणि ती आणि यशोधनदादा एका पायावर उड्या मारत ह्या झाडापासून त्या झाडापर्यंत शर्यत लावायचे. बागेच्या कडेला गडीमाणसं परसाकडे बसायची, मुलं बसायची, कधी घाई झाली तर तीही बसायची. संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत लाल पुटकुळ्या उठायच्या आणि आई खोबरेल तेल लावत म्हणायची, "मातीला चावायला तुम्ही दोघंच सापडता." म्हणजे तेव्हा. त्या पुटकुळ्यांतून. आईच्या बोटाखालून.

"तुमच्याबरोबर त्या घरात आणखी कोण वाढलं?" डॉक्टर विचारत होत्या. "भाऊ," गार्गी म्हणाली. "सध्या माझ्याचकडे आहे, हौगांगला. पुण्याहून आलाय दोन आठवड्यांसाठी." त्यालाही तपासून घ्या, डॉक्टर म्हणाल्या, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तब्येत कशी आहे त्याची? आणि गार्गी म्हणाली, "दोन दिवस धाप लागतेय. एसीचं असेल. आज सकाळी त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू—" तिथे डॉक्टरांचा हात थांबला. त्या पहिल्यांदाच तिच्याकडे पूर्ण वळून बघत होत्या. "कोणी दिल्या?" कोणी दिल्या हे या बाईंना कसं सांगायचं. पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा भाजणी, मेतकूट आणि औषधं घेऊन येतो. तिच्या नवऱ्याच्या, निशिकांतच्या आईने ती सगळी एका चेनच्या पिशवीत भरून प्रत्येक पाकिटावर मार्करने लिहून ठेवलंय, 'पोट', 'सर्दी', 'ताप – इरा', 'दमा'. आणि काही झालं की निशिकांत पुण्याला डॉक्टर असलेल्या प्रबोधकाकांना व्हॉट्सॲपवर खोकला ऐकवतो आणि प्रबोधकाका सांगतात त्या पाकिटातलं काढतो. इथल्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे काहीतरी गंभीर, असं त्यांच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत होतं. "घरच्यांनी," ती म्हणाली.

"थांबवा. आजच." डॉक्टर लिम आवाज चढवत नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. जंत आणि शरीर यांचं एक जमलेलं असतं, त्या म्हणाल्या. जंत शरीराला गप्प करतो, माझ्याकडे बघू नको, मीही फार काही करत नाही. शरीर अर्धवट ऐकतं, अर्धवट पहारा ठेवतं. स्टेरॉइड दिलं की तो पहारा उठतो, आणि जे आतड्यात मूठभर होते ते हजारोंनी वाढून फुप्फुसात, रक्तात, कुठेही जातात. ही धापसुद्धा कदाचित दमा नसेलच. तिने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज तिला एखाद्या शेजारणीचा वाटला, "आणि समजा, त्याची प्रतिकारशक्ती मुळातच कमी असेल तर?" "कशामुळे कमी?" "समजा." डॉक्टर म्हणाल्या, समजा एचआयव्ही असेल, तर ते मला किंवा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला माहीत असायलाच हवं, कारण मग आम्ही वेगळ्या घाईने वागू. अंगात एक फौज जंतासाठी आणि एक विषाणूसाठी असते असं धरून चाला. जंत सगळ्यांना आपल्याकडे वळवून ठेवतो. आणि तो विषाणू तर नेमका त्याच पेशींमध्ये शिरतो ज्या कशासाठीतरी जाग्या झालेल्या असतात. दोघं एकमेकांना किती मदत करतात याबद्दल सगळ्यांचं एकमत नाही. पण दोघं असताना वर स्टेरॉइड, याबद्दल कोणाचंही दुमत नाही. "त्याला आज घेऊन या. आणि तो जे जे घेतो ते सगळं सांगायला सांगा." गार्गीने हो म्हटलं. उठताना तिने स्वतःचं विचारलं, जे खरं तर आधी विचारायचं होतं. "मी अजून मुलीला पाजते. सव्वा वर्षाची आहे." दुधातून हा जंत जातो असं माणसांत दिसलेलं नाही, डॉक्टर म्हणाल्या; गोळ्या घ्याल ते दोन-तीन दिवस थांबा हवं तर, मुलीला मनाच्या समाधानासाठी तपासू. मनाचं समाधान. लिफ्टमध्ये गार्गी आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

दादा फोन उचलत नव्हता. भाची, इरा, झोपली की तो फोन बंदच करून ठेवतो. इथे आल्यापासून त्याने हट्टाने तिला पाळणाघरात पाठवू दिलं नव्हतं, मामा असताना पोरगी परक्यांकडे कशाला म्हणून. निशिकांतचं घरूनच काम, तो मीटिंगमध्ये. तिने लिहिलं, दादाला त्या गोळ्या देऊ नकोस, मी येतेय. उत्तर आलं, "सकाळचा डोस दिला की. दुपारचा जेवणानंतर. चिल." तिने लिहिलं, नको, थांब, सांगते. त्या पुढे एकच खूण राहिली, दुसरी उमटलीच नाही. मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की निशिकांत फोनच बंद करतो; तिने लावून बघितला, लागला नाही. ती प्लॅटफॉर्मवर पोचली तेव्हा बॉसला फक्त "घरी बरं नाही" एवढं कळवलं होतं. कोणाला बरं नाही ते लिहिलं नव्हतं.

डोबी घाटला गाडी बदलून ती ईशान्येकडच्या जांभळ्या लायनीत बसली आणि मग पुढे काही करण्यासारखं उरलं नाही. खिडकीत बोगद्याचा काळोख आणि त्यात तिचा चेहरा. लिटल इंडियाला माणसं चढली, मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई शेजारी येऊन बसली. दादाला काहीही झालं तरी तो बोलणार नाही, गार्गीला माहीत होतं. तो असाच होता, आणि तिनेच त्याला तसं राहू दिलं होतं. ती पुण्यात शिकत होती आणि तो याच शहरात, बिशानमध्ये नवीन नोकरीला लागायला आला होता, तेव्हाची गोष्ट. इथे नोकरीच्या पाससाठी वैद्यकीय तपासणी असते, छातीचा फोटो आणि रक्त. सगळेच देतात, कोणी त्यावर विचार करत नाही. त्याने तिला फोन केला तो कुठल्यातरी जिन्यातून, कारण मागे सारखा लोखंडी दाराचा आवाज येत होता. "गार्गे, मला एचआयव्ही निघालाय. पास मिळणार नाही. परत येतोय." मग एकदा ते दार आपटलं. "आईबाबांना म्हणायचं कंपनीने प्रोजेक्ट बंद केला. तू कोणाला सांगणार नाहीस. पुढे लग्न झालं तर नवऱ्यालाही नाही. शपथ घे." तिने घेतली. कसं झालं ते तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि मग ते विचारण्याची वेळ निघून गेली. आज तो रोज एक गोळी घेतो, कित्येक वर्षं त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, जो सापडत नाही तो कोणाला लागत नाही, हे सगळं तिला तोंडपाठ आहे. फक्त त्याच्या त्या सीडी-फोर पेशी म्हणे जेवढ्या वाढायला हव्यात तेवढ्या वाढत नाहीत. "डॉक्टर म्हणतात बघू," दादा हसून सांगायचा. "व्हायरस झोपलाय, पण शिपाई काही कामावर येईनात." कुठल्यातरी दुसऱ्याच कामावर गेले होते, आता तिला वाटलं. त्याच बागेतल्या. आणि कोणी त्याला विचारलंच नाही की लहानपणी तू अनवाणी चालायचास का, कारण पुण्यात हा काय प्रश्न झाला.

पोटाँग पासिर. गाडी थांबली की तिला वाटे ही मुद्दाम जास्त थांबतेय. निशिकांतला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? जंताचं सांगता येईल. जंताचं तर चारचौघांत सांगता येतं, हसता येतं, आई तर पाहुण्यांसमोर म्हणायची, पोराला जंत झालेत, दात खातो झोपेत. जंताचं सांगून गोळ्या थांबवायच्या, दादाला एकटीने हॉस्पिटलमध्ये न्यायचं, तिथे डॉक्टरला बाजूला घेऊन बाकीचं सांगायचं. शपथ मोडत नाही, दादाही वाचतो. तिने हे दोनतीनदा मनात घोळवलं आणि प्रत्येक वेळी ते बरोबर जुळलं, आणि प्रत्येक वेळी जुळल्याबरोबर तिला परवाची टोस्टाची गोष्ट आठवली. ती आठवू नये म्हणून ती मेथीच्या जुड्या बघू लागली. पण ती आठवलीच. परवा संध्याकाळी दादा जमिनीवर बसला होता आणि इरा त्याच्या मांडीत. तिने तोंडातला चघळलेला टोस्ट काढून मामाच्या तोंडात घातला, मामाने आनंदाने एक तुकडा चावल्यासारखं केलं, आणि मग तिने तो परत काढून स्वतःच्या तोंडाकडे नेला. तेवढ्यात गार्गीचा हात पुढे गेला होता. टोस्ट तिच्या मुठीत होता. तिने काही ठरवलं नव्हतं, हाताने ठरवलं. इराने भोकाड पसरलं. दादाने वर बघितलं, आणि जे बघितलं ते पटकन हसण्याखाली घालून म्हणाला, "राहू दे गं, खाली पडला होता तो, बरं झालं काढलास." तो खाली पडला नव्हता. तिला सगळं तोंडपाठ होतं आणि तरी तिचा हात एखाद्या न शिकलेल्या बाईचा निघाला. त्या रात्री ती इराला पाजताना तिच्या टाळूवर नाक टेकवून पडून राहिली. मुलीच्या टाळूला त्याच टोस्टाचा वास होता. आणि तेव्हा, त्या वेळी, तिच्या स्वतःच्या आत ते दोरे होते, तीस वर्षं मुक्कामाला. बाळाला छातीशी धरून ती आपल्या भावापासून त्याला वाचवत होती.

हौगांगला ती जवळजवळ पळतच निघाली. ब्लॉकखाली म्हातारे नेहमीसारखे बुद्धिबळाच्या पटाभोवती बसले होते. लिफ्ट वर होती. घराबाहेरच्या चपलांच्या मांडणीवर दादाच्या सँडल होत्या, व्यवस्थित, टाचा भिंतीकडे. कुठेही गेला तरी तो चपला अशाच काढतो, जणू उठून जायला लागेल. दार उघडंच होतं. जेवण झालेलं दिसत होतं, ताटात वरणाची पिवळी कड वाळत होती. निशिकांत हेडफोन गळ्यात अडकवून पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा होता, आणि दादाच्या उघड्या तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या होत्या. इरा खाली बसून पाकीट चावत होती. त्यावर सासूबाईंच्या अक्षरात 'दमा'.

गार्गीने दादाच्या हातावरच्या गोळ्या उचलल्या.

"अगं," निशिकांत म्हणाला. "प्रबोधकाकांनी सांगितलंय. चाळीस वर्षं प्रॅक्टिस आहे त्यांची."

"प्रबोधकाकांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

दादाने तिच्याकडे बघितलं. श्वास घेताना त्याच्या गळ्याची खाच आत जात होती. काल एवढी जात नव्हती. सकाळीच त्याने गोळी घेतली होती, आणि का घेतली तेही तिला दिसत होतं. बहिणीचा नवरा ग्लास घेऊन समोर उभा राहतो, मायेने उभा राहतो, तेव्हा नको म्हणायला कारण द्यावं लागतं. कारण नसलं तर माणूस गिळतो. ती म्हणाली, "जंत."

"काय?"

"आम्हाला दोघांना जंत आहेत. म्हणजे मला आहेत, त्याला असणारच. श्रीवर्धनपासूनचे. ही धाप त्याचीच असेल, आणि ह्या गोळ्या दिल्या तर ते सगळ्या अंगात पसरतात. डॉक्टरने आत्ता सांगितलं." एका दमात सांगून ती खुर्चीवर बसली. निशिकांतने आधी तिच्याकडे, मग दादाकडे बघितलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं ज्याच्यासाठी तिने त्याच्याशी लग्न केलं होतं. "म्हणजे चार वर्षं माझ्या घरात कोकणातला जंत राहतोय आणि मला पत्ता नाही? कुठल्या पासवर आलाय तो?"

"तीस वर्षं एका जागी आहे म्हणजे पीआर झाला असेल," दादा म्हणाला.

"पीआर कसला, सिटिझन. फ्लॅट बुक केला असेल त्याने." दोघं हसले, आणि हसताहसता दादाला ढास लागली, ती थांबेना, निशिकांतने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि त्याचं हसू विरलं. "छे, हे काही बरं नाही. ग्रॅबची गाडी बोलावतो. हॉस्पिटलमध्येच जाऊ. तरी मी म्हणतच होतो निशिकांतरावांच्या घरचं पाणी तुम्हाला मानवत नाही. त्या वेळीही नाही मानवलं सिंगापूर, बिशान सोडून पळालात." ही थट्टा आठवडाभर चालू होती. दादा प्रत्येक वेळी हसत होता.

"तू थांब इराजवळ," गार्गी म्हणाली. "मी नेते त्याला."

"इराला घेऊनच जाऊ सगळे."

"कशाला तिला हॉस्पिटलमध्ये? तू थांब." सगळं जुळत होतं. तिने इराला उचलून मांडीवर घेतलं. आई अवेळी घरी आलीय हे कळून इरा खूश होती, आणि सवयीने तिने गार्गीच्या शर्टाचं बटण धरून ओढलं, तोंड छातीशी घासलं. दूध उतरलं. दुपारी ऑफिसात काढायचं राहिलं होतं, दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या होत्या, आणि ती झणझण आली, जी कधी कोणाला विचारून येत नाही. निशिकांत फोनवर पत्ता टाकत होता. तो टाकताटाकता थांबला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "तुला आहेत म्हणालीस ना? आणि तू हिला पाजतेस."

आणि तो पुढे झाला आणि त्याने इराला तिच्या मांडीवरून उचललं. अगदी हळू. इराची मूठ बटणावरून सोडवली, एकेक बोट, आणि तिला आपल्या खांद्यावर घेतलं. रागाने नाही, घाबरूनही नाही. त्याने काही ठरवलेलं दिसत नव्हतं. हाताने ठरवलं होतं. मग त्यालाच ते दिसलं आणि तो म्हणाला, "शी केलीय का बघतो तिने." गार्गीच्या मांडीवर उबेचा एक गोल राहिला होता, तो थंड होत गेला. शर्टावर दोन ओले डाग उमटले. तिने हातांची घडी घातली. तिला सांगायचं होतं की नाही जात, डॉक्टरने सांगितलंय नाही जात, पण तिला माहीत होतं की हे सांगून काही होत नसतं. तिला तोंडपाठ असलेलं तिच्या हाताला कुठे पोचलं होतं?

"निशिकांतराव," दादा म्हणाला. "द्या तिला परत."

"अहो, काही नाही, मी फक्त—"

"तसं लागत नाही ते. द्या तिला तिच्या आईकडे." तो उभा राहिला होता, एक हात टेबलावर टेकवून. आवाज बारीक होता, धापेने तुटत होता. "मला विचारा. घरात कोणी आपल्या हातातून पोर काढून घेतं तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीतय. परवा घेतलं नाही कोणी, नुसता टोस्ट घेतला, तरी." त्याने गार्गीकडे बघितलं नाही. "मला एचआयव्ही आहे. बिशान मी सोडलं नाही. पासच्या तपासणीत निघाला. रोज गोळी घेतो, रक्तात सापडत नाही, कोणाला लागत नाही. सकाळी तुमची गोळी घेतली तेव्हाच खरं तर विचारायला हवं होतं, माझ्या गोळीबरोबर चालेल का. पण तुम्ही ग्लास घेऊन उभे होतात."

घरात पंख्याचा आवाज होता आणि खालून कोणाच्यातरी फोडणीचा वास येत होता, लसूण आणि कोळंबीचा. निशिकांतच्या गळ्यातल्या हेडफोनमधून कोणीतरी बारीक आवाजात त्याचं नाव घेत होतं, परत परत, कॅन यू हिअर अस. त्याने तो काढून टेबलावर ठेवला. "हिला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"मीच शपथ घातली होती."

"चार वर्षं," निशिकांत म्हणाला. हे तो गार्गीला म्हणाला. तिने हो म्हणून मान हलवली. त्यावरचं बोलणं बाकी होतं. ते पुढे कधीतरी होणार होतं, आज नाही तर उद्या, इरा झोपल्यावर, दबक्या आवाजात, आणि ते सोपं नसणार होतं. निशिकांतची नजर टेबलावरच्या ग्लासकडे गेली. "आणि मी तिथे उभा राहून म्हणत होतो, बिशान मानवलं नाही," तो म्हणाला. "आठवडाभर." दादा काहीतरी बोलायला गेला, ढास लागली, बसला.

इराला हे सगळं फार लांबलं होतं. बाबाच्या खांद्यावरून तिने मामाला खाली बसलेलं बघितलं आणि ती त्याच्याकडे झेपावली, संपूर्ण अंगाने, जशी ती झेपावते, धरणारा असेलच अशा खात्रीने. निशिकांतचे हात आवळले गेले. गार्गीला ते दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत, शिरांसकट. इराच्या दुसऱ्या मुठीत जेवणापासून जपलेला टोस्टाचा एक लगदा होता आणि तो तिला मामाला द्यायचा होता. "मामा," ती म्हणाली, "मामा, नाऊ," कारण इंग्रजीतला 'आत्ता' तिला पाळणाघरातून मिळाला होता आणि तो सगळ्याला चालतो. दादाने तोंड उघडलं नाही. तो इराकडे बघतच नव्हता. तो निशिकांतकडे बघत होता.

निशिकांत खाली वाकला. इरा अजून त्याच्या हातात होती, पण आता मामाच्या तोंडापर्यंत तिचा हात पोचत होता. "घ्या," तो म्हणाला. "घ्या ना. नाहीतर रडेल ती."

दादाने ओठांनी तो लगदा टिपला, एवढासा. इराने समाधानाने मूठ परत घेतली आणि उरलेला आपल्या तोंडात घातला. गार्गी निशिकांतच्या हातांकडे बघत होती. ते जागचे हलले नाहीत. मग तिला कळलं की आपले हात आपण मांडीखाली दाबून धरलेत. तिने ते सोडवले. बोटं बधिर झाली होती.

फोन वाजला, ग्रॅब खाली आली होती. निशिकांतने इराला गार्गीच्या मांडीवर दिलं आणि दादाच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. दारात तो वाकून दादाच्या सँडल त्याच्या पायांसमोर सरळ करून ठेवत होता. इराने बटण पुन्हा धरलं होतं. लिफ्ट येईपर्यंत दोन मिनिटं होती. कॉरिडॉरच्या थंड फरशीवर अनवाणी उभी राहून गार्गीने पदरासारखा स्कार्फ ओढून तिला छातीशी घेतलं आणि पाजलं.